अंगठा कापणारे गेले, अंगठा मागणारे आले!

आजरा तालुक्यातील एका वाडीवरचे रेशन दुकान. पावसाळ्याचे दिवस. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात पाऊस एकदा लागला की चार चार दिवस उघडीप नसते. दुकानासमोर पंधरा-वीस माणसे, त्यात बायकाच जास्त. कोणाच्या डोक्यावर इरले, कोणाच्या प्लास्टिकचा कागद. दुकानदाराच्या टेबलावर लहानसे यंत्र. त्या यंत्राला नेटवर्क मिळावे म्हणून त्याने ते खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलेले. रांगेतली एक म्हातारी मावशी पुढे होते, हात पदराला पुसते आणि अंगठा त्या काचेवर ठेवते. यंत्र ‘नाही’ म्हणते. दुसरा अंगठा. पुन्हा ‘नाही’. मग तर्जनी, मधले बोट, करंगळी. दहाही बोटे झाली. दुकानदार म्हणतो, “मावशी, अंगठा उठेना झालाय. उद्या या.” मावशी म्हणते, “आरं बाळा, काल बी त्येच सांगितलास. मी सकाळपासनं उभा हाय. ह्यो अंगठा माझाच हाय न्हवं?”

ह्यो अंगठा माझाच हाय न्हवं! आमच्या कानात हा प्रश्न आजही घुमतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईला, जी त्या वाडीवर नांदायला आली, तिथेच म्हातारी झाली, जिला दुकानदार ओळखतो, रांगेतले सगळे ओळखतात, तिला स्वतःचा अंगठा स्वतःचा आहे हे सिद्ध करता येत नाही. का येत नाही? कारण तिने जन्मभर भाताची लावणी केली, शेणकूट केले, दगड-माती उपसली, ऊस तोडला, दुसऱ्याची भांडी घासली. त्या कामात तिच्या बोटावरच्या रेषा झिजून गेल्या. म्हणजे जिने आयुष्यभर कष्ट केले तिचीच ओळख पुसली गेली. आणि ज्यांनी कधी कुदळ धरली नाही त्यांच्या बोटावरच्या रेषा मात्र शाबूत राहिल्या. यंत्राला जात कळत नाही असे सांगतात. खरे आहे. परंतु कष्ट कोणाच्या वाट्याला यावेत हे या देशात जातीने ठरवले आणि कष्टाने झिजलेले बोट यंत्र नाकारते. मग ते यंत्र शेवटी कोणाला नाकारते, याचा विचार वाचकांनीच करावा.

अंगठ्याचा इतिहास

अंगठा आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. महाभारतात एकलव्याचा अंगठा मागितला गेला. न शिकवताच गुरुदक्षिणा मागणारा गुरू आणि अंगठा कापून देणारा शिष्य, ही कथा आम्हाला गुरुभक्तीचा आदर्श म्हणून पाठ्यपुस्तकातून शिकवली गेली. बहुजन समाजाच्या पोरांनी धनुष्य उचलू नये म्हणून अंगठा घेतला गेला, हे सांगायला फुले-आंबेडकरी चळवळ यावी लागली. याच आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंत यांनी १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ ही कर्णावरची कादंबरी लिहिली आणि ती घराघरात पोचली. कर्णालाही भर रंगमंडपात पहिला प्रश्न विचारला गेला तो त्याच्या कुळाचा. तुझे शौर्य काय, हा नंतरचा प्रश्न. तू कोण, हा पहिला. आपल्या व्यवस्थेची ही जुनी खोड आहे. ती आधी ओळख विचारते, हक्काचे नंतर बघते.

पुढे अंगठा आला तो सावकाराच्या कागदावर. कागदावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला की जमीन गेली, बैल गेला, पोरगे वेठीला गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हेच दुखणे मांडले आहे. कचेरीतला कागद, तो लिहिणारा कामगार आणि न वाचता अंगठा देणारा शूद्र शेतकरी. गावगाड्यात ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव, हे जोतीरावांनी ओळखले होते.

आणि ते ओळखून त्यावर घाव घातला तो आमच्या कोल्हापूरच्या राजाने. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ मध्ये वंशपरंपरागत कुलकर्णी वतने खालसा करून त्या जागी पगारी तलाठी नेमले. या तीन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. शाळा काढली ती अंगठ्याऐवजी सही यावी म्हणून. राखीव जागा दिल्या त्या सही करणाऱ्याला खुर्ची मिळावी म्हणून. कुलकर्णी वतन काढले ते दप्तर एका जातीच्या पेटाऱ्यात राहू नये म्हणून. आजरा त्या काळी कोल्हापूर राज्याखालच्या इचलकरंजी जहागिरीत मोडत होता. परंतु महाराजांनी पेटवलेली ही ज्योत जहागिरीच्या शिवेवर थांबली नाही.

आमच्या आधीच्या पिढीतली माणसे पहिली सही करायला शिकली तेव्हा ती सही त्यांनी कोळशाने भिंतीवर गिरवली, हे आम्ही ऐकत आलो आहोत. ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी होती. त्या शिवीतून सुटण्यासाठी दोन पिढ्यांनी उपास काढले. आणि आता? आता पदवीधर पोरालाही, मास्तरलाही, निवृत्त कारकुनालाही सरकार म्हणते, सही राहू दे, अंगठा लाव! ज्या अंगठ्यातून आपण बाहेर पडलो त्याच अंगठ्याकडे आपल्याला परत आणून बसवले आहे. फरक एवढाच की पूर्वी शाई होती, आता काच आहे.

ओळख की संशय?

बोटाच्या ठशांचे हे शास्त्र कोठून आले हेही समजून घेतले पाहिजे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या कामाच्या कंत्राटावर एका एतद्देशीय माणसाच्या हाताचा ठसा घेतला. पुढे आपल्या करारातून याने पलटू नये, हा त्यामागचा हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग उघडला गेला. त्या पद्धतीचे श्रेय एडवर्ड हेन्री या इंग्रजाला मिळाले. त्याच्या हाताखाली राबलेले अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय मात्र बरीच वर्षे अंधारात राहिले. दरम्यान १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना हजेरी, नोंदणी आणि पहारा लावला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. आजही आमच्या भटक्या-विमुक्त बांधवांच्या पाठीवरचा तो शिक्का गेलेला नाही.

तात्पर्य, बोटाचा ठसा राज्यकर्त्यांनी पहिल्यांदा मागितला तो विश्वासाने नव्हे, संशयाने. हा माणूस फसवेल, पळून जाईल, दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलेल, असा संशय. आज रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या मावशीकडे सरकार त्याच संशयाने बघते. पाच किलो धान्यासाठी तिने दर महिन्याला आपण चोर नाही हे सिद्ध करायचे! कोट्यवधींचे कर्ज बुडवून परदेशात पळालेल्यांच्या बोटांचे ठसे मात्र विमानतळावर कोणाला वेळेवर आठवले नाहीत.

टेंभलीपासून आजऱ्यापर्यंत

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला जातीने हजर होत्या. योजना गरिबासाठी आहे, ज्याच्याजवळ कोणताही कागद नाही त्याला ओळख मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. ही भूमिका चांगली होती. ती सक्तीची नाही, असेही सांगितले गेले. २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारने आधारचा कायदा केला, तोही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला बाजूला सारून. सरकार बदलले, झेंडा बदलला, अंगठा मागणारा हात मात्र तोच राहिला. म्हणून हा प्रश्न एका पक्षाचा नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

या सक्तीविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन होते, हे आपल्या किती लोकांना ठाऊक आहे? गटारात उतरून मरणाऱ्या माणसांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या कार्यकर्त्याला कळले होते की आज ओळखपत्र मागणारी व्यवस्था उद्या हक्क रोखून धरील. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा वैध ठरवला, मात्र खासगी कंपन्यांना आधार मागण्याची दिलेली मुभा काढून घेतली. अंगठा जुळला नाही म्हणून कोणत्याही पात्र माणसाला वंचित ठेवले जाणार नाही, असे सरकारतर्फे त्या न्यायालयासमोर सांगण्यात आले होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने विरोधी निकाल दिला आणि माणसाची प्रतिष्ठा यंत्राच्या शक्याशक्यतेवर टांगता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

आता आकडे पाहा. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात, झारखंडमध्ये ओळख न पटण्याचे प्रमाण ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज नमूद आहेत. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयासमोर जी माहिती ठेवली तीत सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के होते. म्हणजे शंभरातले बारा वेळा ‘नाही’! मुंबईत एखाद्या बँकेचे कार्ड शंभरातून बारा वेळा चालले नाही तर ती बँक दुसऱ्या दिवशी बंद पडेल. रेशनच्या रांगेत मात्र ‘उद्या या’ एवढेच उत्तर आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी भुकेने मेली. घरचे रेशनकार्ड आधारशी जोडले नव्हते म्हणून रद्द झाले होते, असे घरच्यांचे म्हणणे होते. सरकारने आजाराचे कारण दिले. भूक हा आजार नाही, असे कोणत्या डॉक्टरने सांगितले?

आणि गंमत पाहा. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा संसर्गाच्या भीतीने महाराष्ट्रात ग्राहकाच्या अंगठ्याऐवजी दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य द्यायची मुभा दिली गेली. त्याने आभाळ कोसळले नाही. याचा अर्थ अंगठ्याशिवाय धान्य देता येते. रोग जेव्हा सर्वांना होण्याची भीती असते तेव्हा नियम शिथिल होतो. भूक फक्त गरिबाला लागते, म्हणून तिच्यासाठी नियम कडक!

यंत्राला आमचा विरोध नाही

येथे कोणी म्हणेल, तुम्ही प्रगतीच्या विरोधात आहात. मुळीच नाही. बाबासाहेबांचा अनुयायी यंत्राच्या विरोधात असूच शकत नाही. चरखा आणि खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी जे उत्तर दिले ते प्रसिद्ध आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हॉईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोरे योजनेचा आणि देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला. ते विजेकडे आणि यंत्राकडे माणसाची गुलामी संपवण्याचे साधन म्हणून पाहत होते.

म्हणून चांगले ते चांगले म्हटलेच पाहिजे. पूर्वी रेशन दुकानात मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचलले जाई आणि ते काळ्या बाजारात जाई. यंत्र आल्याने ते कमी झाले. सातबारा आता घरबसल्या निघतो. तलाठ्याच्या दारात दहा हेलपाटे घालावे लागत नाहीत. आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातली हजारो माणसे गिरण्यांच्या काळापासून मुंबईला जातात. त्यांना आता गावचे रेशन मुंबईत उचलता येते. हा फायदा लहान नाही.

परंतु प्रश्न दोन आहेत. पहिला, हे यंत्र माणूस ओळखते, माप ओळखत नाही. अंगठा जुळला, पावती निघाली आणि पिशवीत मात्र एक किलो कमी पडले, तर यंत्र काय करणार? जिथे वजनकाटा यंत्राला जोडलेला नाही तिथे चोरी तशीच चालू राहते, वर तिला पावतीचे प्रमाणपत्र मिळते. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. यंत्राची चूक झाली तर भोगायचे कोणी? आजऱ्याच्या डोंगरात रेंज नाही, त्यात मावशीचा दोष काय? धनगरवाड्यावर टॉवर नाही, त्यात धनगराचा दोष काय? सर्व्हर बंद पडला तर दंड सर्व्हर चालवणाऱ्याला नाही, उपास रांगेतल्या माणसाला. पूर्वी कुलकर्ण्याने दप्तरात चूक केली तर निदान त्याच्या वाड्यासमोर उभे राहून विचारता येत होते. आज दप्तर कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नाही. तलाठी म्हणतो वरून आले आहे, तहसील म्हणते पोर्टलवर आहे, पोर्टल काहीच म्हणत नाही. कुलकर्णी वतन शाहू महाराजांनी मोडले. हे नवे, बिनचेहऱ्याचे कुलकर्णी वतन कोण मोडणार?

शिष्यवृत्तीचे पोर्टल

रेशनचे जे, तेच शिष्यवृत्तीचे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. तिच्यामागे बाबासाहेबांनी व्हॉईसरॉयच्या मंत्रिमंडळात बसून केलेला पाठपुरावा आहे. त्या काळी तीन लाख रुपये मंजूर करून घेताना त्यांना किती झगडावे लागले! आज डॉक्टर, वकील, प्राध्यापक झालेल्या आपल्यातल्या बहुतेकांच्या शिक्षणाच्या मुळाशी ही शिष्यवृत्ती आहे, हे आपण विसरता कामा नये.

२०१७-१८ मध्ये महाराष्ट्रात ती ‘महाडीबीटी’ पोर्टलवर गेली. पहिल्याच वर्षी पोर्टल इतके अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घेण्याची पाळी आली. त्यानंतर सुधारणा झाल्या, नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, केंद्राचा वाटा ६० टक्के केला. घोषणा मोठी आहे. परंतु आजऱ्यातल्या वाडीवरच्या मुलीच्या दृष्टीने पाहा. तिला मोबाईलवर अर्ज भरता येत नाही. त्यासाठी एसटीने तालुक्याला यायचे, कॅफेवाल्याला पैसे द्यायचे. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरे. ‘कांबळे’ या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे. अर्ज परत. खाते आधारला जोडलेले नाही. पैसे परत. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. पुन्हा तहसील. दरम्यान कॉलेज म्हणते, फी भर, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. हे सांगण्याची कॉलेजला कायद्याने मुभा नाही, पण ते त्या मुलीला कोण सांगणार? एकलव्याचा अंगठा कापून घ्यावा लागला. आता अंगठा जागेवरच असतो, फक्त तो जुळत नाही, आणि मुलगी शाळा सोडून काजूच्या कारखान्यात कामाला लागते. रक्त सांडत नाही म्हणून बातमीही होत नाही.

बातमी का होत नाही?

आणि येथेच प्रसारमाध्यमांचा प्रश्न येतो. शहरात पैसे पाठवण्याचे ॲप अर्धा तास बंद पडले तर वाहिन्यांवर ठळक बातमी लागते. रेशनचा सर्व्हर आठ दिवस बंद पडला तर आतल्या पानावर चार ओळी येतात, त्याही दुकानदारांच्या संघटनेने निवेदन दिले म्हणून. का? कारण बातमी ठरवणाऱ्या टेबलावर रेशनच्या रांगेत उभा राहिलेला माणूस बसलेला नाही.

हे आम्ही रागाने म्हणत नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यमांतील ३१५ प्रमुख निर्णयकर्त्यांची पाहणी केली. त्यात अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस सापडला नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातील चौघांची गावासमोर हत्या झाली आणि बड्या माध्यमांना ती दिसायला महिना उलटला. तीही रस्त्यावर लोक उतरले म्हणून! २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातीचे कोणीही नव्हते. तेरा वर्षांत छपाई बदलली, वाहिन्या वाढल्या, मोबाईल आला. शून्य मात्र शून्यच राहिले.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी, असे जाहीर केले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. हातात पैसा नसताना बाबासाहेबांनी पत्रामागून पत्र का काढले? कारण ज्याची बातमी होत नाही त्याच्यावरचा अन्याय झालाच नाही, असे धरले जाते.

आज मोबाईलमुळे प्रत्येकाच्या हातात छापखाना आला आहे असे म्हणतात. आला आहे. परंतु त्या छापखान्यात आपण काय छापतो? सकाळी ‘जयभीम’चे फूल, दुपारी दुसऱ्याने लिहिलेली भडक पोस्ट, रात्री आपसातल्या गटांची शिवीगाळ. आपल्या गावातल्या किती जणांचा अंगठा या महिन्यात उठला नाही, याची यादी आपल्यापैकी किती जणांनी केली?

आता काय करायचे?

म्हणून केवळ सरकारला आणि माध्यमांना नावे ठेवून भागणार नाही. समाजबांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना दिल्या आहेत. अशा वेळी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून, नोंदवहीत नोंद करून धान्य द्यायचे आहे. ‘उद्या या’ हे कायद्यातले उत्तर नाही. दुकानदार ऐकत नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागाकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहे. आपल्या दुकानात दर महिन्याला किती जणांना असे परत पाठवले, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारावे. हा कायदाही हळूहळू बोथट केला जात आहे. २०२३ च्या माहिती संरक्षणाच्या कायद्याने त्यातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले आहे. गरिबाचे दहा ठसे सरकारकडे, आणि सरकारची माहिती मात्र ‘वैयक्तिक’! म्हणून धार आहे तोवर हे हत्यार वापरून घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. प्रत्येक वस्तीत समाजमंदिर आहे, विहार आहे. चौदा एप्रिलला आपण वर्गणी काढतो, डीजे लावतो. त्या वर्गणीतला थोडा पैसा एका जुन्या संगणकावर आणि इंटरनेटवर खर्च केला तर काय बिघडेल? वस्तीतली दोन शिकलेली पोरे आळीपाळीने संध्याकाळी दोन तास बसली, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासले, आधार आणि दाखल्यावरची नावे जुळवून दिली, म्हाताऱ्यांच्या तक्रारी लिहून दिल्या, तर ती बाबासाहेबांच्या पुतळ्याला घातलेल्या हारापेक्षा मोठी जयंती ठरेल. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा भिंतीवर लिहायची नाही, टेबल मांडून जगायची आहे. यंत्र शिकलेला आंबेडकरी तरुण हा आजच्या काळातला आपला तलाठी झाला पाहिजे. पगारी नव्हे, समाजाचा.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती फार काळ चालू देता येणार नाही. मतदानाच्या दिवशी मावशीच्या बोटाला शाई लावताना कोणी विचारत नाही की तिच्या बोटावर रेषा आहेत की नाहीत. त्या दिवशी तिचे झिजलेले बोट चालते. धान्याच्या दिवशी तेच बोट चालत नाही. ज्या बोटाने सरकार निवडले ते बोट सरकारच्याच यंत्राला ओळखू येत नाही, ही ती विसंगती.

त्या दिवशी मावशी शेवटी रिकामी पिशवी घेऊन परत निघाली. पाऊस थांबला नव्हता. आम्ही तिला तक्रार अर्ज लिहून दिला. खाली सहीची जागा होती. तिने विचारले, “अंगठा लावू?” आणि मग स्वतःच हसली. म्हणाली, “न्हाई, सही करतो. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलोय मी.” तिने थरथरत्या हाताने एकेक अक्षर काढले. वाकडेतिकडे होते, पण तिचे होते. तो अर्ज आम्ही तहसीलला पोच केला. पुढल्या महिन्यात तिला नोंदवहीवर सही घेऊन धान्य मिळाले.

यंत्राने नाकारलेल्या अंगठ्यावर तिच्या सहीने मात केली. ती सही तिला कोणी दिली, हे वेगळे सांगायला नको.

जय भीम!